किडनॅपिंगवर पिक्चर काढताय? हे घ्या फुकटचे सल्ले

हे पाहा भाऊ, घरचे पैसे टाकून नागपुरातच सस्पेन्स थ्रिलर काढायचा ठरलाच असेल तं आधी इतवारीत दुकान असलेला मामेभाऊ प्रोड्युसर म्हणून धरा आणि त्याच्या पोराला इन्स्पेक्टर करा, त्याला इलाज नाही. शूटिंग मे महिन्यातच लावा. ४५ डिग्रीत पत्र्याच्या गोडाऊनमध्ये खुर्चीला बांधलेला माणूस असा डबडबतो की अ‍ॅक्टिंग शिकवावी लागत नाही, मेकअपचेही पैसे वाचतात. व्हॅन पळवायचा सीन मात्र संध्याकाळी बर्डीवर नका ठेवू, तिथं व्हॅन पळत नाही, सरकते.

आता मेन गोष्ट, हेतू. पाच कोटी मागायचे, पण पैशासाठी पळवलंच नव्हतं हे शेवटी काढायचं. मंग कशासाठी? विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाकडच्या जमिनीसाठी, सातबाऱ्यावर काकाचं नाव राहिलं होतं म्हणून! नागपूरच्या पब्लिकला दुसरा हेतू पटतच नाही, खरं सांगतो. पण याचा मागमूस आधी लागू द्यायचा नाही हं, सातबारा नाही, काका नाही, काहीच नाही. सस्पेन्सचा उस्ताद डायरेक्टर हिचकॉक म्हणायचा की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवा, मंग तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसतो, न दाखवता फोडला तं पंधरा सेकंदांचा दचका. पण हे त्यानं फ्रेंच डायरेक्टर त्रूफोला सांगितलं, आपल्याला थोडंच! आपण बॉम्ब लपवायचा, टेबल लपवायचं, जमलं तं लाईटही बंद ठेवायचे, बजेटमध्येही बसतं.

कलमाची भानगड राहिली. खंडणीसाठी अपहरण म्हणजे आधीचं आयपीसीचं ३६४ ए, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १४० (२) झालं, शिक्षा तीच, फाशी नाही तं जन्मठेप आणि वर दंड. तुम्ही बिनधास्त ३६४ ए च ठेवा. मामेभावाच्या पोराला तेवढंच पाठ होतंय, आणि "एकशेचाळीस कंसात दोन" म्हणून कोणी घाबरतं का बे?

शेवटची वीस मिनिटं व्हिलनला सगळं समजावून सांगू द्या, काका, जमीन, १९९८ ची वाटणी, सगळं. इन्स्पेक्टर पिस्तूल रोखून तोवर शांत उभा राहील. हात दुखला तं मधे इंटरव्हल टाका.