फुटपाथवर हॉर्न कसला वाजवता?

फुटपाथवरून चालतोय आणि मागून हॉर्न! बाजूला व्हायला क्षणभर उशीर झाला की वर ऐकायचं, "ओ काका, सरका की!" कुठे सरकू? रस्त्यावर बस, कडेला डबल पार्किंग, आणि फुटपाथवर तुमची स्कूटर!

हे पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. आज सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या, मध्येच डीपी बॉक्स, पुढे ट्रॅकच गायब. सायकलवाल्याने हवेतून जायचं का? झेब्रा क्रॉसिंगवर तर बाईकची चाकं आधीच चढलेली. सिग्नल पादचाऱ्याचा, तरी डावीकडे वळणारा थांबायचं नाव घेत नाही. आजीबाई काठी टेकत उभ्या, कुणी ब्रेक दाबेल तर शपथ!

शहराचं पादचारी धोरण २०१६ मध्येच झालं. फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. अजून कुणी सांगायचं राहिलंय? राँग साइडने येणाऱ्याला "जरा जायचंय" म्हणून माफी, आणि जीव मुठीत धरून चालणाऱ्याने रोज अंग चोरायचं? मी नाही सरकणार आता. तुम्ही उतरा खाली!