माझी आत्या, घणसोलीची धवलारीण

लग्नातले विधी गाऊन पार पाडणारी धवलारीण असलेली माझी आत्या गेल्या महिन्यात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, नवी मुंबईतल्या घणसोली गावातल्या आमच्या जुन्या घरी वारली. तिच्या शोकसभेत अनेकजण मनापासून बोलले आणि जवळजवळ प्रत्येकाने तिच्या कष्टांचा आणि सोशिकपणाचा गौरव केला. तो खराच आहे. तरीही ऐकताना मला सतत वाटत होते, की आपण तिच्या राबणाऱ्या हातांबद्दलच बोलत आहोत; तिला काय काय येत होते आणि तिने कोणते निर्णय घेतले, याचा उल्लेख कोणाच्याच बोलण्यात नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तरुणपणीच वैधव्य आले तेव्हा दोन लहान मुलींना घेऊन ती माहेरी परतली. आज गावाच्या पश्चिमेला जिथे सेक्टर आणि सोसायट्या आहेत, तिथे त्या काळी खाडीपर्यंत खारजमीन पसरलेली होती. भरतीचे पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध साऱ्या गावाने मिळून सांभाळायचा असे. उधाणाला त्याला खांड पडली, तर ओहोटीच्या तेवढ्या तासांतच ती बुजवावी लागे, कारण एकदा जमिनीत मीठ मुरले की पुढचे पीक हातचे जाई. अशा वेळी बायकापुरुष सारेच चिखलात उतरत. परंतु केव्हा उतरायचे आणि केव्हा बाहेर पडायचे, हे आमच्या आळीत आत्या सांगत असे. अमावास्येला आणि पौर्णिमेला साधारण बाराच्या सुमारास भरती, आणि तिथून प्रत्येक तिथीला सुमारे पाऊण तास पुढे, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता, हा हिशेब तिने मला लहानपणीच शिकवला होता. तिला घड्याळ वाचता येत नव्हते, पण याच हिशेबावर ती निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला खाडीत जाई आणि त्या विकायला ठाण्याच्या बाजारात वेळेवर पोहोचे.

१९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना मिळाला. आत्याचे नाव सासरच्या सातबाऱ्यावर नव्हते आणि माहेरच्याही नव्हते. दुसऱ्यांच्या शेतातली लावणी आणि खाडीतली मासळी यांवर तिचे घर चालत होते, आणि या दोन्ही गोष्टींची कोणत्याही दप्तरात नोंद नव्हती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या लढ्याबद्दल, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबारात हुतात्मा झालेल्या पाच जणांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले ते त्या बलिदानामुळे. परंतु ज्या बायकांचे सारे आयुष्य त्या जमिनीवर गेले आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांचा प्रश्न आपण भूमिपुत्रांनी आपापल्या घरातसुद्धा पुरेशा गांभीर्याने मांडला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेती गेल्यावर तिने ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामगारांसाठी खानावळ काढली. १९८२ च्या गिरणी संपानंतर काम शोधत इकडे आलेले काही गिरणी कामगारही तिच्याकडे जेवत. उधारीची वही मी लिहीत असे, नियम मात्र तिचे होते. ज्याला पगार आहे त्याने दहा तारखेच्या आत पैसे द्यायचे, यात सवलत नव्हती. ज्याचे काम सुटले त्याचे खाते चालू ठेवायचे आणि त्याला पंक्तीत बसवायचे, वेगळे वाढायचे नाही. लोक याला दयाळूपणा म्हणतात. मला त्यात माणसांचा पक्का अंदाज आणि चोख व्यवहार दिसतो, कारण ती खानावळ कधी तोट्यात गेली नाही आणि त्याच कमाईतून दोन्ही मुली शिकल्या.

तिचे सर्वांत मोठे काम मात्र धवलारिणीचे होते. आगरी आणि कोळी समाजाबाहेरच्या मित्रांसाठी थोडे सांगतो. आमच्याकडे लग्नातले विधी धवले गाऊन पार पाडणारी स्त्री ती धवलारीण. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले निराळे असतात आणि त्यांत कुलदैवतांना, गावदेवीला, घरातल्या मृत पूर्वजांना लग्नाचे आवतण दिले जाते. हाताशी पोथी नसते. कोणत्या घराचे कोणते दैवत, कोणते पूर्वज, कोणाच्या आधी कोणाचे नाव, हे सारे तोंडपाठ असावे लागते, आणि आत्याला ते आमच्या गावच्याच नव्हे, तर गोठिवली आणि तळवलीच्याही कितीतरी घरांचे होते. जिच्या नावाची कुठल्या कागदावर नोंद नव्हती, तिच्याकडे एवढ्या कुळांच्या पिढ्यांची नोंद होती. विधवा म्हणून तिला मांडवातून कोणी कधी दूर केले नाही. लग्नाची सुरुवातच तिच्या आवाजाने होई. याबाबतीत आमच्या वाडवडिलांचा मला अभिमान आहे. अलीकडे हळदीला डीजे लावतात आणि धवलारिणीला दोन ओळी म्हणायला सांगून उठवतात, याचा तिला मनापासून त्रास होत असे. तिच्या देखत हा प्रकार झाला, की ती उरलेला धवला स्वयंपाकघरात बसून पूर्ण करी.

माझ्या आतेबहिणीने शेवटच्या काही वर्षांत तिचे बरेच धवले मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आहेत आणि आतेबहिणीची मुलगी ते शिकत आहे. हळदीचे धवले मात्र अपुरे आहेत; शेवटी शेवटी आत्याचा दम पुरत नव्हता. घणसोली, गोठिवली, तळवली आणि कोपरखैरणे इथल्या ज्या घरांत तिने लग्ने लावली, त्यांच्याकडे जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील. त्या कृपया शोधाव्यात, आणि सोबत लग्नाचे साल व घराचे कुलदैवत लिहून कळवावे. कॅसेटला बुरशी लागली असली तरी टाकून देऊ नये. ती साफ करून घेण्याचा खर्च आम्ही भावंडे करू.