पणजोबा एक, उमेदवार तीन

वंशवृक्ष घरबसल्या आणि फुकट तयार होतो, हे खरं आहे. फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत एवढंच. झोप, डोळे आणि नातेवाइकांशी असलेले संबंध त्या हिशेबात धरलेले नसतात.

बहुतेक जण थेट मूळपुरुषापासून सुरुवात करतात; तो शक्यतो राजा, निदान सरदार तरी हवा. काम मात्र उलटं चालतं. क्रमांक १ आपण, २ वडील, ३ आई. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एकाच पिढीत १०२४ जागा भरायच्या असतात. राजा राहू द्या, आधी चारही पणज्यांची माहेरची नावं मिळतात का बघा.

फॅमिलीसर्च या जुन्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर विनामूल्य खातं उघडून नाव टाकलं की म्हणे ‘निकाल नाही’. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून शंका असलेल्या एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि अनेक अक्षरांच्या जागी तारका टाकावी. जन्मसालही मागे-पुढे पाच वर्षं सैल सोडावं. जनगणनेत वय अंदाजाने सांगितलेलं असतं. दहा वर्षांत सातच वर्षांनी म्हातारी झालेली माणसं तिथे सर्रास भेटतात.

आता निकाल येतात आणि एकाच नावाचे तीन पणजोबा समोर उभे राहतात. त्यातला जमीनजुमलावाला आपला, असं मन लगेच ठरवून टाकतं. माझ्या मते नुसतं नाव हा पुरावाच नव्हे. बायको, भावंडं, पत्ता, साक्षीदार जुळतात का ते पाहावं. शिवाय बाळ दगावलं की पुढच्या बाळाला तेच नाव देण्याची रीत अनेक ठिकाणी होती. त्यामुळे जन्मनोंद सापडल्याच्या आनंदात लग्नं जुळवण्याआधी पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूच्या नोंदी चाळाव्यात. नाहीतर तान्हेपणी गेलेल्या बाळाला आपण पाच मुलं चिकटवतो.

फॅमिलीसर्चवरचा वृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच. कुणीही येऊन दोन माणसं विलीन करून जातो, आणि सकाळी उठून पाहावं तर मुलगा आईच्या आधी जन्मलेला! विलीनीकरण बहुधा उलटवता येतं. पण प्रत्येक बदलाखाली कारण लिहून ठेवलेलं असलं तरच भांडायला तोंड राहतं.

शोधात काही आलं नाही म्हणजे नोंद नाही, असंही नाही. कितीतरी नोंदवह्यांची नुसती छायाचित्रं चढवलेली आहेत, नावांची सूची झालेलीच नाही. अशा वेळी फॅमिलीसर्चच्याच कॅटलॉगमध्ये गावाचं नाव टाकावं आणि नोंदवहीपुढचं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबावं. सहाशे चित्रं असतील तर पहिल्यापासून पानं उलटत बसू नये. तीनशेवं उघडावं, तारीख पाहावी, पुढे किंवा मागे निम्म्यावर उडी मारावी. आठ-दहा उड्यांत वर्ष हाती लागतं. त्याआधी वहीची शेवटची पानं पाहावीत, कधीकधी कारकुनानेच तिथे सूची करून ठेवलेली असते. कॅमेऱ्यावर किल्ली दिसली की मात्र घरबसल्याचा विषय संपला; बहुतेकदा ती चित्रं फॅमिलीसर्चच्या केंद्रात जाऊनच बघावी लागतात.

स्वतःची प्रत ग्रॅम्प्ससारख्या मोफत प्रोग्राममध्ये ठेवावी आणि अधूनमधून जेडकॉम फाईल, म्हणजे वंशवृक्ष एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेणारी फाईल, काढावी. त्यात नावं, तारखा, नाती जातात. फोटो जात नाहीत, फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता तेवढा जातो. फोटोंचं फोल्डर वेगळं पाठवलं नाही, तर चुलतभावाच्या संगणकावर पणजीच्या जागी आपल्या डी ड्राइव्हचा पत्ता झळकतो.