सड्यावरची धाव

मुंबई विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे माळरानावरून धावायच्या लांब शर्यतीच्या, इतिहासावरचा लेख वाचला. छान आहे, पण सगळा मुंबईतलाच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजंही याच विद्यापीठात येतात की! आम्ही देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, धावायचो. श्रावणात कातळावर शेवाळ, कॅनव्हासचे बूट दहा मिनिटांत पचपचीत, मग सरळ अनवाणी. पुळणीवरचा, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचा, सराव ओहोटी बघून. स्पर्धेला रात्रभर एसटीने जायचं आणि सकाळी आखडलेल्या पोटऱ्यांनी पळायचं. बाकी, १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या क्रॉस कंट्रीचा उल्लेख हवा होता. उन्हाच्या तडाख्यात ३८पैकी १५ जणांनीच शर्यत पुरी केली, नंतर ती ऑलिंपिकमधून गेलीच. फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी मात्र आरामात जिंकला. त्याला मे महिन्यात आमच्या सड्यावर आणायला हवा होता!