काळजीपोटी सांगतोय, सर

गेल्या मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं उत्तम होतं. ऑफिसात मात्र वेगळंच ठरलं होतं. मी कुठल्याशा कौटुंबिक संकटातून जातोय, म्हणून माझं कामात लक्ष नाही आणि म्हणूनच क्वार्टरचा रिपोर्ट चार दिवस रखडला. मला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं. तेव्हापासून ऑफिसातली चुगली या विषयाचा माझा बराच अभ्यास झालाय. तो एकट्याने उपभोगणं बरं नाही, म्हणून तुमच्यासाठी या हिताच्या गोष्टी.

सगळ्यात आधी, खुलासा करायला जाऊ नका. खुलासा करणारा चोर दिसतो आणि गप्प बसणाराही चोरच दिसतो, पण गप्प बसणाऱ्याचा वेळ वाचतो.

दुसरं, ऑफिसला लवकर पोचा. 1946 साली सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका प्रयोगात लोकांना कुणा माणसाचं सहा शब्दांत वर्णन ऐकवलं: हुशार, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने ऐकवले. पहिल्या गटाला तो थोडेफार दोष असलेला कर्तबगार माणूस वाटला, दुसऱ्याच्या नजरेत त्याचे दोषच भरले. माणूस तोच आणि शब्दही तेच, फक्त आधी काय ऐकलं एवढाच फरक. तेव्हा तुम्ही वर्षभर काय काम केलंत हा प्रश्न किरकोळ आहे, सकाळी केबिनमध्ये पहिला कोण शिरला ते महत्त्वाचं. आमचा सहकारी रोज पावणेनऊला हजर असतो. मला इतके दिवस वाटायचं, बिचारा किती काम करतो!

मेल आला की सीसीमध्ये कोण आहे ते बघत जा. बीसीसीत कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण ती सोय तुमच्याच मनःशांतीसाठी असावी.

आता मुख्य विद्या. चुगलीचा जुना प्रकार आता कोणी वापरत नाही. "तो कामचुकार आहे" असं थेट म्हणणं अगदीच गावंढळ झालं. हल्ली तुमच्याविषयी काळजी वाटते. "माणूस चांगला आहे हो तो, पण हल्ली जरा…" आणि हे 'जरा' नंतर जे थांबणं असतं ना, ते शिकायला वर्षं लागतात. वाक्य पुरं करायचं काम साहेबांवर सोडायचं. मग "मीच बोललो असतो त्याच्याशी, पण त्याला उगाच वाईट वाटेल." मग उठताना, दाराच्या मुठीवर हात ठेवून, "माझं नाव मध्ये येऊ देऊ नका सर, मी आपलं काळजीपोटी सांगतोय." झालं. आरोप असता तर तुम्ही खोडला असता. काळजी कशी खोडणार? मी सुखी आहे असं प्रतिज्ञापत्र करून देणार? मी साहेबांसमोर हसून दाखवलं, सगळं मजेत आहे म्हणालो. साहेबांनी मान तिरकी करून माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस आतून किती खचलाय आणि वर हसतोय!

आणि रिपोर्ट का रखडला, ते ऐका. दोन विभागांचे आकडे या काळजीवाहूकडून यायचे होते. सोमवारी मेल केला. बुधवारी आठवणीचा मेल केला. शुक्रवारी सकाळी तिसरा, आणि दुपारी त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. "पाठवतो रे, एवढं हातातलं संपवतो." हातातलं म्हणजे मोबाइल. आणि हा तोच माणूस, ज्याने दोन महिन्यांपूर्वी क्लायंटला भलतीच शीट पाठवली होती. रात्री साडेदहापर्यंत बसून ती कोणी निस्तरली? मी. दुसऱ्या दिवशी साहेबांना "आमच्याकडून चूक झाली सर" असं कोण म्हणालं? मीच. आमच्याकडून! 'त्याच्याकडून' म्हणायला जीभ रेटली नाही माझी. त्या 'आमच्याकडून'ची परतफेड ही अशी झाली. बरं, तेव्हा त्याला माझी काळजी वाटली नव्हती. साडेदहाला ऑफिसात एकटा बसलेला माणूस घरच्या कटकटीत असेल, असं नाही सुचलं कोणाला.

असो. उपदेश चालू होता.

अप्रेझलच्या आधीच्या महिन्यात सहकाऱ्यांशी विशेष प्रेमाने वागा. वरच्या रेटिंगच्या खुर्च्या मोजून ठेवलेल्या असतात, कोणीतरी उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. मायक्रोसॉफ्टने माणसांना अशी उतरंडीत बसवायची पद्धत 2013 साली बंद केली. आमच्याकडे ती बातमी अजून वाटेत आहे.

अगदीच झोप येईनाशी झाली तर विज्ञानाचा आधार घ्या. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात दिसलं, की आपण दुसऱ्याचं जे वर्णन करतो, ते गुणदोष ऐकणारा नकळत आपल्यालाच चिकटवतो. दुसऱ्याला लबाड म्हणणारा स्वतःच थोडा लबाड वाटू लागतो. म्हणजे हिशेबाने आमच्या सहकाऱ्यावर एव्हाना 'घरच्या कटकटींनी पिचलेला, कामात लक्ष नसलेला' असा शिक्का बसायला हवा होता. पुढच्या महिन्यापासून तो टीमलीड आहे.

पुरावे जपून ठेवा असंही सांगतात. मी ठेवले होते. गुरुवारी तिन्ही मेलचे प्रिंट घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांनी ते उलटे करून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. आपल्याला टीममध्ये राजकारण नकोय."

म्हणजे त्याने माझ्यामागे सांगितलं ती काळजी, आणि मी तोंडावर कागद ठेवले ते राजकारण!

अहो साहेब, त्या तिन्ही मेलमध्ये तुम्ही सीसीत होतात. तुमच्याच इनबॉक्समध्ये पडलेत ते अजून. उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते तुम्ही दिलं नाहीत, पण माझ्या घरात काय चाललंय यावर कोणी तुमचे कान भरत होता, त्याला वीस मिनिटं दिलीत. एकदा तरी म्हणायचं होतंत, "थांब, त्यालाही बोलावतो, त्याच्यासमोर बोल." पुन्हा आला नसता तो. तुम्ही ऐकता म्हणून तो येतो, दुसरं कारण नाही.

आणि तुम्ही, हे वाचून मान डोलावणारे. तुम्ही नसाल तर अगदी तुमच्यासारखाच कोणी त्या दिवशी सही घ्यायला केबिनमध्ये उभा होता. सगळं ऐकलं त्याने. संध्याकाळी पार्किंगमध्ये मला गाठून, इकडेतिकडे बघून म्हणाला, "तुझा विषय निघाला होता बरं का. मी काही बोललो नाही." हे वर कौतुकाने सांगतोय! अरे, बोलायचं होतंस ना! "आकडे याच्याकडेच अडकलेत." तीन शब्द. तुला माहीत होतं, सगळ्या फ्लोअरला माहीत होतं. केबिनमध्ये ते तीन शब्द तोंडातून फुटले नाहीत, आणि पार्किंगमध्ये मला कोण काय म्हणालं ते साग्रसंगीत सांगायला पंधरा मिनिटं होती तुझ्याकडे. जाताना वर, "माझं नाव मध्ये येऊ देऊ नकोस हं."