आई दुकान ‘वॉक’ करते

परवा नववीच्या वह्या तपासत होते. ‘माझी आई’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीची तिसरी ओळ होती, ‘माय मदर वॉक्स अ टेलरिंग शॉप.’ सवयीने वॉक्सखाली लाल रेघ ओढली आणि मग तिथेच थांबले. आई शिवणाचं दुकान चालवते. चालणे म्हणजे वॉक, हे आम्हीच तिला पाचवीपासून पाठ करून घेतलंय. पोरीने आम्ही शिकवलं तेच इमानदारीने वापरलं होतं.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाने गावाबद्दल लिहिलं होतं, ‘द रिव्हर गॅलप्स निअर अवर व्हिलेज.’ नदी ‘रन’ होते हे त्याला धड्यातून माहीत होतं. पण गाइडमध्ये रनच्या पुढे समानार्थी शब्दांची रांग आहे: स्प्रिंट, डॅश, रेस, गॅलप, बोल्ट. त्यातला भारी वाटला तो त्याने उचलला. गॅलप म्हणजे घोड्याचं चौखूर उधळणं, हे त्या रांगेत कुठेच लिहिलेलं नाही. शंभर मीटरला जीव तोडून पळणं म्हणजे स्प्रिंट, घाबरून एकदम धूम ठोकणं म्हणजे बोल्ट, हेही नाही. पाच शब्द, मध्ये स्वल्पविराम, संपलं. चाचणीत ‘समानार्थी शब्द लिहा’ आलं की यातला कुठलाही एक लिहा, मार्क मिळतो. या मार्काचाच मला आता राग यायला लागलाय.

रन हा शब्द साधा वाटतो, पण ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाला विचारा. १९२८ साली त्याची पहिली आवृत्ती पुरी झाली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नव्या आवृत्तीच्या कामात रनने सेटला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने या एका शब्दावर नऊ महिने घालवले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. यंत्रं आली, रेल्वे आली, पुढे कॉम्प्युटर आला; जे जे चालू राहतं ते सगळं इंग्रजीने रनच्या खात्यात टाकलं. पुण्यातला माझा भाचा मराठीत बोलतानासुद्धा ‘कोड रन होत नाहीये’ म्हणतो.

आपल्याकडे तेच काम ‘चालणे’ करतं. इंग्रजीत दुकान पळतं, आपल्याकडे चालतं. त्यांचं इंजिन पळतं, आपलं चालतं. सिनेमा थिएटरात पंचवीस आठवडे चालतो, एका पगारावर घर चालतं. ‘चालेल’ एवढं एकच म्हणून आपण लग्नाची तारीखसुद्धा पक्की करतो. बँकेतलं खातंही चालू असतं. जिथे इंग्रज पळतो तिथे मराठी माणूस चालतो, हे मुलांना एकदा नीट दाखवलं की आई दुकान ‘वॉक’ करायची थांबेल. त्यासाठी लाल रेघ लागत नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी आपण चालतोच असंही नाही. नाक वाहतं. कपड्याचा रंग जातो. साखर संपते. जुना मित्र बाजारात अचानक भेटतो. डायबेटीस घराण्यात असतो. या प्रत्येक जागी इंग्रजीत रन आहे. निवडणुकीचं तर बघा: अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो, आणि आपलाही उमेदवार उभाच राहतो. क्रिकेटमध्ये मात्र आपण त्यांच्याबरोबर धावलो. धाव, धावफलक, धावबाद. विमानतळावरची धावपट्टी आणि रेडिओवरचं धावतं समालोचनही इंग्रजीतल्या रनवरूनच आलं. पण मैदानावरची पोरं ‘धाव’ म्हणत नाहीत, ‘पळ, पळ!’ असंच ओरडतात.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथे आहे. धावणे आणि पळणे हे शब्दही शाळेत समानार्थी म्हणून शिकवले जातात. आता एवढंच बघा. शेजारी मदतीला धावून आला. शेजारी मदतीला पळून आला. दुसरं वाक्य कुठलंच मराठी पोर म्हणणार नाही. संकटात जो धावून जातो तो आपला, आणि जो पळून जातो त्याचं तोंड बघावंसं वाटत नाही. अंगावर धावून जातात, पळून जात नाहीत. घरच्यांचा विरोध असला तर प्रेमात पडलेली जोडी पळून जाते, धावून जात नाही. शर्यतीत बैल पळतो. आमच्याकडे ‘काय पळतोय बैल!’ म्हणतात, धावतोय म्हटलं तर म्हणणारा बाहेरगावचा समजावा. हे सगळं सहावीतल्या मुलालाही येतं. त्याला कुणी तक्ता दिला नव्हता. आईच्या, आजीच्या, चौकातल्या बोलण्यातून प्रत्येक शब्द आपापल्या सोबत्यांसकट त्याच्या कानात पडला.

जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं त्यांनी १९५७ साली लिहून ठेवलंय. आपल्या घरांत माणसाबद्दल हेच सांगतात. मग इंग्रजी शब्द मुलांना देताना आम्ही त्यांची संगत का तोडून टाकतो? रोजे या डॉक्टरांनी १८५२ साली इंग्रजी शब्दांचा पहिला मोठा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, छापला, तो ज्यांना शब्द आधीच ठाऊक आहेत पण ऐनवेळी आठवत नाहीत अशांना उपयोगी पडावा म्हणून. ज्याला शब्दच नवा आहे त्याच्या हातात तशी रांग दिली की नदी चौखूर उधळणारच.

मी यंदापासून माझ्यापुरतं बदललंय. रनचं एक पूर्ण पान ठेवलंय वहीत. पानावर समानार्थी शब्द एकही नाही, फक्त वाक्यं. डावीकडे मुलांनी आणलेलं घरातलं मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. ‘तेल संपलंय’ समोर ‘वी हॅव रन आउट ऑफ ऑइल’. ‘गाडी अर्धा तास लेट आहे’ समोर ‘द ट्रेन इज रनिंग हाफ ॲन अवर लेट’. ‘नळ चालू ठेवू नको’ हे वाक्य एका मुलाने आणलं आणि वर्गात पाच मिनिटं वाद झाला, कारण तिथे इंग्रजीतही ‘रनिंग’ येतं आणि आपल्याकडेही ‘चालू’. माझ्या एका सहकारी मॅडमचं म्हणणं, यात वेळ फार जातो, अभ्यासक्रम पुरा कधी करायचा? त्यांचं खोटं नाही, वेळ जातो. पण एक शब्द असा लागला की पुढचे दहा शब्द मुलं आपले आपण ओळखायला लागतात, हे मी या दोन महिन्यांत डोळ्यांनी पाहिलंय. माझी मागणी एवढीच आहे की चाचणीत ‘समानार्थी शब्द लिहा’ असं सुटं विचारणं बंद करा. वाक्य द्या. त्या वाक्यात कुठला शब्द बसतो आणि कुठला बसत नाही, ते विचारा.

पाणी रन होणं ही नंतर सुचलेली उपमा आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. तसं नाही. वाहण्याचा अर्थ त्या शब्दात पहिल्यापासून आहे. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात. आणि आपला संस्कृत धातू ‘धाव्’, त्याचेही अर्थ दोन्ही, धावणे आणि वाहणे. हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा, सहसा न बोलणारा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आमच्या जुन्या विहिरीला धाव आहे.’

वर्ग गप्प. त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्याने विहीर काढली, तिच्या काठापासून मागे जाणारी उतरती वाट काढली. मोटेचे बैल याच उतारावरून खाली जायचे आणि भरलेली मोट वर यायची. मोट बंद होऊन किती वर्षं झाली, पण त्याचे आजोबा त्या जागेला अजून धावच म्हणतात. खडू ठेवून तो जागेवर निघाला आणि परत वळला. ‘गाडीच्या चाकावर लोखंडी पट्टी बसवतात ना मॅडम, तिलापण धावच म्हणतात.’

आमच्या रनच्या पानाला आता समासात एक विहीर आहे आणि एक चाक. मुलांनी पेन्सिलीने काढलंय.