हृदय, किडनी आणि दोन चमचे साखर

रविवारी माझ्या हातून कॉफीवर पहिल्यांदा एक धड, ओळखू येणारं पान उमटलं आणि शेजारच्या काकांनी ते दोन चमचे साखर घालून ढवळलं आणि पिऊन टाकलं. चार दिवस झाले. तोवर मी स्वतःला मोठ्या मनाची समजत होते.

तर, लाटे आर्टचा, म्हणजे कॉफीवर दुधाच्या फेसाने नक्षी काढायचा वर्ग. दोघांत एक मशीन. माझ्या वाट्याला मशीनची डावी बाजू आणि काका आले. काका कॉफी शिकायला आले नव्हते. लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना पाठवलं होतं आणि "पैसे फुकट जायला नकोत" म्हणून ते आले होते. निवृत्तीआधी ३१ वर्षं एक्स-रे काढायचे. हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि पुढचे तीन तास सिद्ध केलं.

शिकवणारा मुलगा बिचारा गुणी. वाफेच्या नळीचं टोक दुधात जेमतेम बुडवायचं, कागद फाटल्यासारखा आवाज आला पाहिजे, तोही चार-पाच सेकंदच. मग नळी जरा खोल, एका कडेला, म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरतं आणि मोठे फुगे मोडून बारीक होतात. ६० अंशांच्या आसपास थांबायचं. ७० च्या पुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो. फेस असा हवा की नुकत्याच दिलेल्या ऑइलपेंटसारखा चमकेल. माझा फेस केस धुतल्यावर मोरीत साचतो तसा होता. सरावाला आधी पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब देतात, दूध वाया जाऊ नये म्हणून. हे प्यायचं नाही, असं त्या मुलाला काकांना दोनदा सांगावं लागलं.

मग मी पहिला कप ओतला.

"किडनी," काका म्हणाले.

"काका, हृदय आहे ते."

"हृदय? अगं, हृदयाचं टोक डावीकडे झुकलेलं असतं. हे सरळ खाली बघतंय. शिवाय कडेला पाणी झालंय." मग कप उजेडाकडे तिरका धरून, "डावी-उजवीची खूण केलीस का? नाही ना? मग वाचणार कसं?"

आणि प्यायले. दुसरा कप: "धूसर आलाय. पेशंट हलला." प्यायले. तिसऱ्याला काहीच बोलले नाहीत, नुसतेच माझ्याकडे सहानुभूतीने बघत राहिले. ते मला जास्त लागलं. बरं, मी चाळिशीची. माझा मुलगा दहावीत आहे. आणि हा माणूस मला दर वाक्यात "बाळ" म्हणतोय.

मला वाटलं, पिचरमुळे, म्हणजे दूध ओतायच्या चोचीच्या भांड्यामुळे होत असेल. त्यातही प्रकार असतात. रुंद, गोल चोच हृदय आणि ट्यूलिपला बरी, निमुळती टोकदार चोच बारीक पानांना. मी शिकवणाऱ्या मुलाकडून टोकदार मागून घेतलं. अंगण खरोखरच वाकडं असू शकतं, यावर माझा विश्वास आहे. काही लोक सरळ सुई घेऊन फेसावर कोरतात. मुलगा म्हणाला, तेही चालतं, पण "चालतं" म्हणताना त्याने जे तोंड केलं, त्यानंतर सुई मागायची माझी छाती झाली नाही. अमेरिकेत सिअॅटलच्या डेव्हिड शोमर या कॉफीवाल्यांनी १९९२ च्या सुमारास इटलीतल्या एका कॅफेतला फोटो बघून हे पान जमवलं म्हणतात. नुसता फोटो बघून! माझ्यासमोर अख्खा जिवंत मुलगा हातवारे करत उभा होता.

पान म्हणजे रोझेटा. कप तिरका धरायचा, चार बोटं उंचीवरून बारीक धार सोडायची, म्हणजे दूध खाली जातं आणि वरचा क्रेमा, म्हणजे कॉफीचा तपकिरी फेस, शाबूत राहतो. कप निम्म्याहून जास्त भरला की चोच पार कॉफीला टेकवल्यासारखी खाली आणायची. तेव्हा पांढरं वर तरंगायला लागतं. मग मनगट डावी-उजवीकडे हलवत मागे यायचं, आणि शेवटी पिचर उचलून मधून एक बारीक धार. हे सगळं सात-आठ सेकंदांत.

"मनगट हलवा, मॅडम!" मुलगा ओरडला.

"हलू नको!" काका ओरडले. "श्वास घे... धर... धरून ठेव..."

आणि काय सांगू, मी धरला. ३१ वर्षं लोकांचे श्वास रोखणारा आवाज तो. हात थरथरायचा थांबला, फक्त मनगट हललं आणि एकात एक पाती उमटत गेली. दहा-अकरा असतील. मधली शीर जरा वाकडी, पण शीर!

"सोडा," काका म्हणाले.

मी श्वास सोडला आणि फोन काढायला पर्समध्ये हात घातला. आता यात माझी चूक काय? पर्समध्ये फोन असतो, छत्री असते, माझ्या लेकाने दिलेली रॅपर्स असतात. फोन हाताला लागून मी मान वर केली, तर चमचा कपात फिरत होता. गोल. सावकाश.

"काका!!"

"कडू आहे गं," ते म्हणाले. "आधीच्या तिन्ही कडू होत्या. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

यावर काय बोलणार? चिडावं तर पान निम्मं त्यांचंच. पण निम्मंच ना! माझ्या निम्म्यात साखर का? आणि हे फक्त काकांचं नाही. दुकानांत तरी काय करतात? तो पोरगा जीव ओतून हंस काढतो आणि त्यावर प्लॅस्टिकचं झाकण दाबून हातात देतो. बघायचाच नव्हता तर हंस काढलात कशाला? मी झाकण उघडून बघते तर मागचे लोक खोळंबल्यासारखे खाकरतात.

त्यानंतर मी आणखी पाच कप ओतले. पाचही किडन्या. काकांनी शेवटी एकदाच पिचर हातात घेतलं, टोक किंचित डावीकडे झुकलेलं हृदय काढलं, आणि त्या मुलाने त्याचा तीन बाजूंनी फोटो घेतला.

निघताना काकांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "तीन महिन्यांनी परत काढून बघू, बाळ."